फिलिबेरच्या ओडिलोनची शेगडी

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भावाच्या घराचं धुराडं दिसतं. सकाळी साडेसातला त्यातून धूर निघाला की मी कॉफी ओतून घेते. पावणेआठ झाले तर ओतते, पण ती घशाखाली उतरत नाही. आठ वाजले की बूट चढवते. आई गेल्यापासून सहा हिवाळे झाले, माझं घड्याळ असं भावाच्या धुरावर चालतं.

भाऊ म्हणजे ओडिलोन. वय चोपन्न, लग्न नाही, आईमागं त्याच घरात एकटा. आमच्या खाडीकाठी नुसत्या आडनावानं माणूस सापडत नाही. निम्मं गाव मुंजेर, उरलेलं आर्वे. म्हणून बाप-आजा जोडून सांगायचं: जोझेफच्या फिलिबेरचा ओडिलोन. यात एक सोय आहे. नाव सांगितलं की आजारही सांगून होतो. आजोबा जोझेफला साठीत नुसता मोतीबिंदू झाला, लोक म्हणाले वय झालं. बाबांची, म्हणजे फिलिबेरची, चाळिशीत मनगटं गेली, मान गेली. ओडिलोनच्या तर बाविसाव्या वर्षीच मुठी अडकायला लागल्या. दर पिढीला हा आजार जास्त घाईनं येतो. डॉक्टर त्याला स्टाइनर्ट म्हणतात. आम्ही नुसतं 'आजार' म्हणतो, दुसरा जणू जगात नाहीच. आम्हा सात भावंडांत चौघांना तो मिळाला, तिघांना नाही. मी न मिळालेल्यांतली. सगळ्यांत थोरली रोलांद, तीही. ज्यांना आजार मिळत नाही त्यांच्या वाट्याला खिडकी येते.

मूठ अडकते म्हणजे काय, ते गावाला माहीत आहे. धरायला अडचण नाही, सोडायला आहे. एकदा हिवाळी जत्रेला शहरातून कोणी मंत्री आला होता. ओळीत उभ्या सगळ्यांशी हात मिळवत तो ओडिलोनपाशी आला आणि तिथंच राहिला. हात काही परत मिळेना. मंत्री हसतोय, ओढतोय, पुन्हा हसतोय. ओडिलोन आपल्या झुकलेल्या पापण्यांआडून शांतपणे म्हणाला, "सायेब, घाई हाय का? नसंल तर आमच्या रस्त्याचं बोलून घिऊ." सगळी जत्रा पोट धरून हसली. रस्ता झाला नाही, पण ते वाक्य अजून चालतं.

धंदा त्याचा शेगड्यांचा. जानेवारीत फियोर्ड, म्हणजे आमची खाडी, गोठला की सगळं गाव आपापल्या लाकडी झोपड्या ओढत बर्फावर नेतं, फळीत भोक, बर्फात भोक, आणि गळ सोडून मार्चपर्यंत बसतं. त्या झोपड्यांत जी लोखंडी शेगडी असते ती दहांत सात ठिकाणी ओडिलोननं केलेली. गॅसची जुनी टाकी आडवी कापायची, चार पाय जोडायचे, तोंडाला झडप, वर धुराडं. झडपेवर एक गोल खूण, तेवढीच त्याची सही. "लोकं माझ्या नावावर बूड शेकतात," म्हणायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी काम थांबलं. हातोडा खाली ठेवायला पाच मिनिटं लागायला लागली.

हे सगळं आम्ही पचवलं होतं. आजारासोबत राहायची आमच्या घराला तीन पिढ्यांची सवय आहे. कोणता स्नायू कधी जातो, पापणी कधी उतरते, ठसका कधी लागतो, हे मला कुठल्याही डॉक्टराइतकं तोंडपाठ आहे असं मी समजत होते. आमचा घात त्यानंच केला.

गेल्या शरद ऋतूत ओडिलोन जास्त झोपायला लागला. मुंजेर झोपतातच, या आजारात दिवसाची झोप असतेच. बाबा तर चर्चमध्ये उभ्यानं झोपायचे. पण ओडिलोन आता जेवताना झोपायचा, हातात चमचा तसाच. पँट कमरेवरून घसरायला लागली. मी म्हटलं, स्नायू झडतायत. पाणी फार प्यायचा. म्हटलं, तोंड उघडं ठेवून झोपतो, कोरड पडत असेल. रात्रीतून चारदा उठतो म्हणाला. म्हटलं, तिथलेही स्नायू गेले असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर एकच होतं.

"हाडात उतरला आता आजार," रोलांद म्हणाली. "बाबांचंबी असंच झालं हुतं शेवटाला."

शेवटाला हा शब्द तिनं हळूच उच्चारला, पण मला तो पुढं कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

नाताळात आणखी एक झालं. टुर्तिएर, म्हणजे कणकेच्या जाड झाकणाखाली रात्रभर भाजलेलं मांस आणि बटाटा, रोलांदच्या टेबलावर मधोमध ठेवलं होतं. ओडिलोननं एक घास घेतला आणि तो अडकला. चेहरा जांभळा. पाठीत बुक्क्या मारून मारून घास बाहेर काढला. त्या दिवसापासून रोलांदनं फर्मान काढलं: चावायचं काही द्यायचं नाही. मऊ, गिळायला सोपं, आणि अंगात ताकद येईल असं. मग काय, पावाचे तुकडे मलईत भिजवून वर मेपलचा पाक. गरम पुडिंग. ब्लूबेरीचा घट्ट मुरंबा, तो माझ्या हातचा. साय आणि साखर आटवून केलेल्या वड्या, त्या तर जिभेवर विरघळतात. रोलांद दर सोमवारी आणि गुरुवारी बरणी घेऊन यायची. मी मधल्या दिवशी. तहान लागते म्हणून शेजारच्यांनी सफरचंदाच्या रसाचे डबे आणून ठेवले. पोरसवदा असताना त्याला एवढं गोड कुणी घातलं नव्हतं.

आणि तो आणखी वाळत गेला. आम्ही आणखी घालत गेलो.

डिसेंबर संपता संपता रोलांदनं टेकडीवरच्या शुश्रूषागृहाचा अर्ज भरला. बाबा तिथंच वारले होते, दाखल झाल्यापासून चार महिन्यांत. ओडिलोननं सही केली खरी, पण मी समोर होते. त्याची पापणी अर्धी मिटलेली होती आणि पेन मलाच सोडवावं लागलं.

"काय हुतं ते?" नंतर त्यानं विचारलं.

"टेकडीवरच्या घराचा अर्ज."

त्यानं शेगडीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, "तितल्या खिडक्या उघडत न्हाईत, जेर्वेझ. अन् शेगडी ठेवू देत न्हाईत."

"जागा लगेच थोडीच मिळतीय," मी म्हटलं. खरं तर जागा कधीही मिळते. कुणीतरी गेलं की फोन येतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हो की नाही सांगायचं. नाही म्हटलं तर नाव यादीच्या तळाला. तेव्हापासून धुराबरोबर फोनचीही धास्ती सुरू झाली. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे, आणि पलीकडून कुणीतरी अंडी हवीत का विचारायचं.

जानेवारीत बर्फ धरला. वेली आर्वेनं आपल्या बर्फगाडीला बांधून ओडिलोनची झोपडी ओढून नेली, किनाऱ्यापासून आठशे पावलांवर, स्वतःच्या झोपडीशेजारी. वेली म्हणजे ओडिलोनचा शाळेपासूनचा मित्र, तोंडाचा फाटका, मनानं चांगला. ओडिलोनला तो रोज गाडीवर बसवून न्यायचा आणि आणायचा. तिथं शेगडीजवळ ओडिलोन गळ सोडून बसायचा, म्हणजे झोपायचा. एकदा शेगडीची झडप उघडी राहिली, निखारा फळीवर पडला, फळी करपली. वेलीला वास आला म्हणून निभावलं.

त्या दिवशी वेली मला सांगायला आला. टोपी हातात, चेहरा पडलेला. पण वेलीला वाईट बातमी सरळ सांगता येत नाही, तिच्या आधी एक चावट गोष्ट लागते.

"जेर्वेझ, तुझा भाऊ मुततो किती गं! झोपडीमागं जाऊन बघ. सगळा फियोर्ड पिवळा केलाय. मासं काय म्हणत असतील?"

"गप रे, म्हाताऱ्या."

"आगं खरंच. अन् माझं कुत्रं तितनं हलत न्हाई. बर्फ चाटतंय. माझ्या झोपडीमागचं चाटत न्हाई, ओडिलोनच्याच मागचं. मी मुततो त्याला काय चव न्हाई व्हय?"

मग त्यानं करपलेल्या फळीचं सांगितलं आणि मी कुत्रं विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्नायूंच्या दवाखान्यात मारीझला फोन लावला. मारीझ तिथली परिचारिका. आमच्यासारख्या घरांचे फोन तीच घेते. मला विचारायचं होतं ते एवढंच, की झोप वाढली म्हणजे शेवट जवळ आला का. पण तसं तोंडातून निघेना. फळीचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, आणि रडू येईल म्हणून मध्येच वेलीच्या कुत्र्याचा किस्सा हसत हसत सांगून टाकला.

पलीकडून हसू आलं नाही.

"जेर्वेझ, पाणी किती पितो तो?"

"पुष्कळ. रसाचे डबे पण."

"वजन?"

"उतरलंय. पण स्नायू…"

"स्नायू राहू द्या बाजूला. कुत्रं बर्फ चाटतंय म्हणालात ना? आज आणा त्याला. उद्या नाही, आज. तोवर गोड काही देऊ नका."

मी रिसीव्हर ठेवला तेव्हा टेबलावर माझीच मुरंब्याची बरणी होती, त्याच्याकडं न्यायला झाकण लावून ठेवलेली.

दवाखान्यात मारीझनं ओडिलोनच्या बोटाला सुई टोचली, यंत्रानं आकडा दाखवला: चोवीस. आमच्याकडच्या मापात सातच्या आत असायला हवी ती रक्तातली साखर चोवीस, म्हणजे मधुमेह. मारीझनं लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं दोन दिवस ठेवून घेतलं. रक्त आंबट झालेलं नव्हतं, तेवढं नशीब.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण घाई नव्हती तिला. खुर्ची ओढून ओडिलोनसमोर बसली. "तुमच्या अंगात इन्शुलिन कमी नाहीये. उलट जास्त आहे. पण त्याची हाक स्नायूंना नीट ऐकू जात नाही. ऐकणारा भागच या आजारात चुकीचा घडतो. मग शरीर आणखी मोठ्यानं ओरडतं, आणखी इन्शुलिन सोडतं. कितीतरी वर्षं ते असं निभावतं, उपाशीपोटी साखर तपासली तर ठीकसुद्धा येते. मग एक दिवस ओरडायची ताकद संपते. त्यात स्नायू झडलेले. आणि साखरेचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू."

मी सगळं ऐकत होते, पण डोक्यात एकच बरणी फिरत होती.

ओडिलोन म्हणाला, "म्हंजी शेगडीचं तोंड गंजून बारीक झालंय, अन् लाकडं अंगणात पडल्यात."

"बरोबर," ती म्हणाली.

"अन् शेगडी थंड पडली म्हणून भणी आणखी लाकडं आणून टाकतायत."

डॉक्टरीण हसली. मी नाही. त्याच्याही लक्षात आलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो तिथं अडकला म्हणून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

"ही झोप जाईल का?" मी विचारलं.

"साखरेची जेवढी आहे तेवढी जाईल. आजाराची जेवढी आहे तेवढी राहील. किती कुठली, ते तीन महिने बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

गोळ्या दिल्या. काही आठवडे संध्याकाळी एक इंजेक्शन, ते मी द्यायचं. गिळण्याचं बघणारी एक बाई आली. तिनं शिकवलं की मऊ म्हणजे गोड नव्हे. वाटाण्याचं घट्ट सूप, कुसकरलेला मासा, अंडं. हनुवटी खाली करून गिळायचं. रोज चालायचं, थोडं का होईना. आणि मारीझनं बजावलं, खिशात कायम साखरेच्या चार गोळ्या ठेवायच्या. कारण इंजेक्शननं साखर फार खाली गेली तर घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस कोसळतो. तसं वाटलं की गोळ्या खायच्या, आणि पंधरा मिनिटं जागचं हलायचं नाही.

म्हणजे इतके दिवस साखर वर जायची भीती होती, ती आम्हाला कळलीच नाही. आता खाली जायची भीती आली, आणि ती मात्र पूर्ण कळलेली.

रोलांदला मी सांगितलं तेव्हा ती ओट्यापाशी साय आटवत होती. पळी हलायची थांबली.

"म्हंजी मी त्याला इख घातलं?"

"मी पण घातलंच की."

"तू मुरंबा घातलास. मी आठवड्यातनं दोनदा बरणी भरून…" तिनं गॅस बंद केला. भांडं तसंच उचललं आणि मागच्या दारातून बर्फात ओतलं. मग आत येऊन म्हणाली, "सायीचं काय, ती त्यानं मागितली न्हवती. त्यानं काय मागितलंच न्हाई कधी." आणि मग रागावून, "आता तरी कळलं ना? एकट्याला ठिवायचं न्हाई त्याला. आपल्याला काय कळत न्हाई, पोरी. आपुन नुसतं खाऊ घालतो."

तिसऱ्या आठवड्यात ओडिलोन जेवताना जागा राहायला लागला. आकडा अकरावर आला, कधी नऊ. एक दिवस त्यानं वेलीला गाडी नको म्हणून सांगितलं आणि झोपडीच्या निम्म्या वाटेपर्यंत चालत गेला. निम्म्या वाटेतून वेलीच त्याला उचलून घेऊन आला. तरी निम्मी.

त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी, फोन वाजला. या वेळी अंडी नव्हती.

जागा झाली होती. उद्या बारा वाजेपर्यंत कळवायचं. अर्जावर संपर्काचं पहिलं नाव रोलांदचं, दुसरं माझं; ती घरी नव्हती म्हणून माझ्याकडं लावलेला. संध्याकाळी आम्ही तिघं ओडिलोनच्या टेबलाशी बसलो.

"घ्यायची," रोलांद म्हणाली. "पुन्हा मिळायची न्हाई. तळाला गेलं नाव की दोन वरसं. दोन वरसांत काय हुईल कुणी बघितलंय?"

"डॉक्टरीण म्हणाली तीन महिने…"

"डॉक्टरीण बर्फावर बसती का त्याच्यासंगं? फळी जळाली तवा कुठं हुती ती?"

"तवा माझी साखर चोवीस हुती," ओडिलोन म्हणाला.

"अन् आता सुई टोचून घेतोस. पडलास म्हंजी? वेली दिसभर तुझ्या तोंडाकडं बघत बसणार हाय का?"

ओडिलोननं मान वर केली. त्याची मान वर व्हायला वेळ लागतो, म्हणून ती झाली की सगळे गप्प होतात. "रोलांद, ऐक. उद्या मी एकटा जातो. वेलीला सांगतो, गाडी काढू नको अन् माझ्याकडं बघू नको. चालत जातो, माझी शेगडी माझ्या हातानं पेटवतो. साडेधाच्या आत धूर दिसला तर न्हाई म्हणून सांग. न्हाई दिसला तर सामान बांध. मी बोलणार न्हाई."

"शर्यत लावतोय व्हय माझ्यासंगं?"

"शर्यत न्हाई. बघा तरी एकदा, मला येतंय का. खाऊ घालून झालं, आता बघा."

रोलांदनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मला धूर पाहायची सहा वर्षांची सवय, पण त्यावर कुणी माणूस पणाला लावला नव्हता.

बुधवारी वजा एकोणीस होतं. अशा थंडीत त्याच्या मुठी आणखी अडकतात. सकाळी मी जाऊन बोट टोचलं: सात पॉइंट चार. एरवी आनंद झाला असता. आता वाटलं, ही खाली जायच्या वाटेवर तर नसेल? त्यानं अंडं आणि सूप खाल्लं. खिसा चाचपून दाखवला. "चार हायत. जा आता."

पावणेनऊला तो दारातून निघाला. काठी एका हातात, पिशवी गळ्यात. रोलांद माझ्या खिडकीशी येऊन बसली होती, कोट न काढता. आम्ही दोघी बघत होतो. किनाऱ्याचा उतार तो बसून घसरत उतरला.

"बघ, ढुंगणावर," रोलांद म्हणाली, पण आवाजात टोमणा नव्हता.

मग हलका बर्फ पडायला लागला. बारीक, पण दाट. दहा मिनिटांत झोपड्यांची रांग पुसट झाली. ओडिलोन एक काळा ठिपका होता. तो पुढं सरकला, थांबला, सरकला. मग निम्म्या वाटेवर तो बुटका झाला. बसला होता की पडला होता, कळेना.

"बसलाय," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"बसलाय गं."

पावणेदहा. दहा. ठिपका आहे तिथंच. मग बर्फ आणखी दाटला आणि ठिपकाही दिसेना. साडेदहाला घड्याळानं टोला दिला.  रोलांदनं फोन जवळ ओढला, हात त्यावर ठेवला. पावणेअकरा. झोपड्यांच्या दिशेला नुसता पांढरा पडदा. दुसऱ्यांचे धूर पुसट दिसत होते, सात, आठ. डावीकडून तिसरी जागा रिकामी.

"साडेधा म्हणाला हुता," रोलांद म्हणाली.

"बर्फ आहे म्हणून दिसत नसेल."

"वेलीचा दिसतोय की."

अकरा दहाला माझ्यानं बसवेना. बूट घातले. "रोलांद, मी येईपर्यंत फोन लावू नको."

"बाराला त्येंचं दार बंद हुतंय, पोरी. मला काय करू सांग."

मी दार उघडलं. धावत सुटले. बर्फावर धावता येत नाही, माणूस जागच्या जागी पाय मारतो. घसरले, गुडघा फुटला, उठले. निम्म्या वाटेवर बर्फ बसून दाबलेला दिसला, त्याच्या मापाचा. तिथं तो नव्हता. जीव थोडा भांड्यात पडला. पुढं काठीची भोकं होती. मी भोकांमागून चालत गेले, आणि एकदम नाकाला वास आला, बर्चच्या सालीचा. मान वर केली. डावीकडून तिसऱ्या धुराड्यातून, अगदी बारीक, करंगळीएवढा धूर.

मागं वळून पाहिलं. माझं घर दिसत नव्हतं. माझ्या घरातून हा धूर दिसत असेल का, देव जाणे. घड्याळात अकरा छत्तीस.

दार उघडलं. ओडिलोन शेगडीसमोर बसला होता, उजव्या मुठीत कुऱ्हाड.

"दार लाव. थंडी आत येतीय."

"कुठं होतास? काय झालं? पडलास?"

"न्हाई. निम्म्यात घाम फुटला. हात थरथरायला लागलं. म्हटलं, ही थंडीची थरथर न्हाई." तो सावकाश बोलत होता. "खाली बसलो. चारी गोळ्या खाल्ल्या. पंधरा मिनिटं जागचं हलायचं न्हाई म्हणली हुती मारीझ. मी तीस बसलो. एकदा वाटलं उठावं, साडेधा वाजतील. पण म्हटलं, उठून पडलो तर मग रोलांद खरी."

मी यंत्र काढलं, बोट टोचलं. सहा. आकडा त्यानं माझ्याआधी वाचला.

"मग इतं आलो तर काडी पेटंना. काडी पेटली तर कुऱ्हाड सुटंना. डाव्या हातानं पेटवली." त्यानं शेगडीकडं पाहिलं. "किती वाजलं?"

"अकरा चाळीस."

"म्हंजी हरलो."

"बर्फात तिला दिसत नाहीये."

"दिसलं तरी हरलोच. साडेधा म्हणालो हुतो मी."

मला म्हणावंसं वाटलं की असं नसतं. पण मी ते ठरवणार नव्हते. फोन तिकडं होता, रोलांदच्या हाताखाली. मी परत धावले असते तरी बारा वाजून गेले असते. आम्ही बसलो. भोकातलं पाणी वरखाली होत होतं. त्यानं कुऱ्हाडीकडं पाहिलं, बोटं एकेक करून उघडतायत का बघत. करंगळी आधी सुटली. मी खिडकीची काच पुसत होते आणि ती पुन्हा धुरकट होत होती. बारा वाजले. बारा पाच.

मग बर्फगाडीचा आवाज. वेलीमागं रोलांद बसलेली, डोक्यावर शाल, मांडीवर पातेलं. ती उतरली, आत आली, ओडिलोनकडं पाहिलं, शेगडीकडं पाहिलं, माझ्या गुडघ्याकडं पाहिलं.

"निम्म्यात का बसला हुतास?"

त्यानं सांगितलं, मला सांगितलं तसंच, एक शब्द कमी-जास्त नाही. घाम, थरथर, चार गोळ्या, तीस मिनिटं.

"तीस?" रोलांद म्हणाली. "पंधराच सांगितली हुती ना?"

"हो."

ती बाकावर बसली. शाल सोडली. मग म्हणाली, "बाबा असतं तर उठून पडलं असतं."

"फोन केलास?" मी विचारलं.

"केला की."

"धूर दिसला होता का तुला?"

"कसला धूर? नाकासमोरचं दिसत न्हवतं." तिनं पातेल्याचं झाकण काढलं. वाटाण्याचं सूप, घट्ट, वर मिरपूड दिसत होती. "टेकडीवरच्या त्या बाईनं विचारलं, ओडिलोन मुंजेर कधी येणार. म्हटलं, कुठला ओडिलोन, इतं दोन हायत. म्हणली, जोझेफच्या फिलिबेरचा. मी खिडकीतनं बघितलं, काय दिसंना. अन् तुझी घरातली चप्पल पडलेली दारात, जेर्वेझ, उलटी, तू पळालीस तशी. मनात आलं, हा एकटा कुठं हाय. म्हटलं, तो घरात न्हाई, बाई. मासं धरायला गेलाय. जागा दुसऱ्याला द्या."

 वेली बाहेर कुत्र्याला शिव्या देत होता; ते ओडिलोनच्या झोपडीमागं एकदा हुंगून, काही न चाटता, पुढं निघून गेलं होतं.

"तीन महिने," रोलांद बोट रोखून म्हणाली. "डॉक्टरणीनं सांगितलं तेवढंच. मग पुन्हा बसू आपुन. अन् उद्यापासनं खिशात चार न्हाई, आठ गोळ्या. अन् सकाळी तू निघालास की मी त्या खिडकीत असणार, कळलं? मला भ्या वाटतं रं."

"मलाबी वाटतं," ओडिलोन म्हणाला.

तिनं वाटी भरून त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं हनुवटी खाली केली, एक घोट घेतला, गिळला. आम्ही दोघी त्याच्या घशाकडं बघत होतो. घोट खाली गेला. त्यानं दुसरा घेतला.